आक्का, आधी उदासी का आधी गोळी?

आक्का, काल शाळेतून आले, चपला दारात काढल्या आणि सवयीनं हाक मारली, "आक्का, चहा टाकू का?" घरात कुणी नव्हतं. थोरले भाऊजी शेळ्या घेऊन माळावर गेलेले, आमचे हे तालुक्याला, वाशीच्या दुकानात. मला वाटलं, तुम्ही आतल्या खोलीतच आहात, फक्त उत्तर द्यायला वेळ लावताय. तशा तुम्ही कायमच वेळ लावायच्या. मग दोन कप चहा टाकला आणि दोन्ही कप मीच प्याले.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. या दिवसांत तुम्ही मला फार वेळा दिसलात, आणि दरवेळी दुपारीच. वर्गात मी पोरांना पचनसंस्था शिकवत असते, खिडकीबाहेर ऊन पांढरं पडलेलं असतं, आणि त्या उन्हातून तुम्ही चालत येताय असं वाटतं. जवळ येत नाही, लांबही जात नाही. पोरं म्हणतात, "बाई, पुढं?" मग मी पुस्तकात बघते आणि ओळ सापडत नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही तुम्ही उन्हातूनच आला होतात. मी या घरात तुमची धाकटी जाऊ म्हणून येऊन दोनच दिवस झाले होते. तुम्ही तेव्हा तेरखेड्याला फटाक्यांच्या शेडवर जायच्या, फुलबाज्या करायला. तारा मिश्रणात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. त्या मिश्रणातली चंदेरी भुकटी अंगावर बसायची. कलत्या उन्हात रस्त्यानं एक चांदीची बाई येत होती. कपाळ चांदीचं, कानाच्या पाळ्या चांदीच्या, पापण्यासुद्धा. मी उंबऱ्यातच थबकले.

"काय बगतीस गं?" तुम्ही म्हणालात. "धुतलं की मी तुज्यासारखीच काळी हाय."

मी हसले. त्या घरातलं माझं पहिलं हसू.

पुढच्या वर्षी मला डी.एड.ला जायचं होतं आणि सासूबाई नको म्हणत होत्या. तुम्ही भाकरी थापत होतात, मान वर न करता म्हणालात, "जाऊंद्या तिला. तिच्या वाटचं मी करते." त्याच आठवड्यात मी अर्ज भरला. दोन वर्षं तुम्ही शेडवर जाऊन येऊन माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या. आज मला लोक मास्तरीणबाई म्हणतात, ते त्या भाकरींवर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही. तुमच्यासमोर असलं काही बोलायला गेलं की तुम्ही उठून शेळ्यांना पाणी पाजायला जायच्या.

आणि वर्षातून एकदोनदा तुमच्यावर काहीतरी उतरायचं. कारण काही नसायचं. एका सकाळी तुम्ही उठायच्या नाहीत. उठलात तर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. केस विंचरायचे नाहीत, चूळ भरायची नाही, दीपाली, तुमची एकुलती एक लेक, येऊन गळ्यात पडली तरी हात वर जायचा नाही. पंधरा दिवस, कधी महिना. सासूबाई म्हणायच्या आळस. शेजारणी म्हणायच्या बाहेरचं. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा कपाळाला लावून झाला. मी म्हणायचे, "आक्का दमल्यात." एकदाच मी विचारलं, काय होतंय? तुम्ही भिंतीकडे बघतच म्हणालात, "माजी आय बी आशीच बसायची." तेवढंच. मी विज्ञान शिकवणारी बाई, त्या एका वाक्यावर थांबून विचार करायला हवा होता. मी दूध तापत ठेवलं होतं, ते बघायला गेले.

सहा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधीच्या गडबडीत, वाळत घातलेल्या मालानं पेट घेतला. तुम्ही जवळ होतात. उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत, आणि मानेची एक बाजू भाजली. बार्शीच्या दवाखान्यात तुम्ही सव्वा महिना होतात. पट्टी बदलायच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसून कान दाबून धरायचे. तुमचं ओरडणं मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. मग डॉक्टरांनी दुखण्याची एक जास्त ताकदीची गोळी चालू केली. तेव्हा ती लागणारच होती. त्यात कुणाची काही चूक नव्हती.

दोनतीन दिवसांनी दुपारी मी डबा घेऊन आले, तर तुम्ही खाटेवर बसून डाव्या हातानं केस विंचरत होतात. चेहऱ्यावर असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. वॉर्डातले पंखे हळूहळू फिरत होते, कुणीतरी संत्रं सोललेलं होतं, त्याचा वास पसरला होता. तुम्ही मला शेजारी बसवलंत.

"संगे, या गोळीत काय आसतंय गं?"

"दुखणं थांबवायचं औषध."

"न्हाय. दुखणं हाताचं व्हतं. हिनं दुसरंच कायतरी थांबलंय."

"दुसरं काय?"

तुम्ही बराच वेळ कंगव्याचे दात बोटानं मोजल्यासारखं केलंत. "लहानपणापून छातीत एक जड व्हतं. मला वाटायचं, समद्यांनाच आसतंय. आज ते न्हाय. मंजी लोकं रोज आसं जगतेत व्हय?"

मी काय म्हणाले आठवतंय? मी म्हणाले, "आक्का, गोळी चढली तुम्हाला." आणि आपण दोघी हसलो. तो वास, ते पंखे, तुमचे मोकळे केस, सगळं अजून माझ्या डोळ्यांपुढं जसंच्या तसं आहे. तुम्ही मला त्या दुपारी तुमचं सगळं आयुष्य सांगितलं होतं आणि मी डब्याचं झाकण उघडत होते.

हात भरून आला. कातडी ओढल्यासारखी राहिली, पण बोटं वळायला लागली. डॉक्टरांनी गोळी कमी करत बंद करायला सांगितलं. तुम्ही बंद केली नाही. जुनी चिठ्ठी घेऊन आधी एका गावच्या मेडिकलात, मग दुसऱ्या गावच्या. बाजाराला जाते म्हणून निघायच्या आणि पिशवीत भाजी नसायची. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. आणि तो उजेड काही परत आला नाही. उलट आधी वर्षातून एकदोनदा उतरणारं ते सावट आता उठेचना. गोळी घेतली की दोन तास तुम्ही आमच्यासारख्या दिसायच्या, मग पुन्हा भिंत.

आपली भांडणं तेव्हाची. मी म्हणायचे, हात बरा झालाय, आता कशाला? तुम्ही म्हणायच्या, हातासाठी कोण घेतंय. एकदा मी चिडून म्हणाले, "आक्का, जरा मनावर घ्या!" तुम्ही माझ्याकडे शांतपणे बघितलंत. "मन कुठाय त्येच दिसंना गं. घिऊ कशावर?"

मग एके दिवशी तूरडाळीच्या डब्यात मला गोळ्यांची पाकिटं सापडली. तुम्ही ओढ्याला धुणं धुवायला गेला होतात. मी ती सगळी संडासात टाकली आणि वर तीन बादल्या पाणी ओतलं. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतेय. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला जांभया सुरू झाल्या, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा. पाय एका जागी ठरत नव्हते. भर दुपारी गोधडीत कुडकुडत होतात आणि घामानं गोधडी ओली झाली होती. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, अतिसार लागला. मी मीठसाखरेचं पाणी देत होते आणि मला माहीत होतं हे काय आहे. चौथ्या दिवशी अंगाचं थांबलं आणि तुम्ही बोललात. आवाज इतका साधा होता, जणू मीठ संपलंय असं सांगत होतात.

"संगे, मला आता ऱ्हायचंच न्हाय. रागानं म्हणत न्हाय म्या. निस्तं सांगायले."

मी त्याच क्षणी भाऊजींना शेतातून बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आपण धाराशिवला, मनाच्या आजारांवरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रात्रभर मी तुमचा हात सोडला नव्हता. तुम्ही म्हणालात, मुंग्या आल्या, सोड.

त्या डॉक्टरीणबाई आमच्या दीपालीच्या वयाच्या. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं नाही, आणि तुम्हाला आधी गोळ्यांचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "गोळी सुरू होण्याआधी तुम्हाला कसं वाटायचं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग भिंतीचं सांगितलंत, आईचं सांगितलंत, छातीतल्या जडाचं सांगितलंत. तेरा वर्षं एका चुलीवर जेवलेली मी, हे सगळं एका अनोळखी खोलीत पहिल्यांदा सलग ऐकत होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून त्यावर एक डोकं काढलं, कोंबडीच्या अंड्यासारखं. "ही गोळी अफूच्या जातीची आहे," त्या म्हणाल्या. "पण अशीच काही द्रव्यं आपला मेंदू स्वतःसुद्धा तयार करतो. लागलं, भाजलं, तर ती वेदना कमी करतात. आणि फक्त शरीराचीच नाही. माणूस जवळ बसलं की बरं वाटतं, कुणी दूर गेलं की छातीत दुखतं, त्यातही त्यांचाच हात असतो. शरीराचं दुखणं आणि मनाचं दुखणं मेंदूत बऱ्याच अंशी एकाच वाटेनं जातं."

तुम्ही पुढं सरकलात. "मंजी माज्या आंगात बी गोळी बनती व्हय?"

"तसंच म्हणा."

"मग माजी कमीच बनत आसंल. पयल्यापून."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असू शकतं. उदासीच्या आजारात काही लोकांची ही व्यवस्था नीट चालत नाही असं दिसतं. घराण्यातूनही येऊ शकतं. म्हणूनच पहिल्या गोळीनं तुम्हाला इतरांपेक्षा जास्त बरं वाटलं असेल. पण रोज बाहेरून इतकं यायला लागलं की मेंदू आपलं काम आवरतं घेतो. जिथं हे द्रव्य लागू पडतं त्या जागाही बधिर होतात. मग तेवढ्यानं भागत नाही. आणि एकदम थांबवलं की माणूस आधीच्या उदासीत परत येत नाही, त्याच्याही खाली जातो."

तुम्ही मान हलवलीत. "भाडोत्री गडी आला की घरची माणसं कामाला याची बंद हुतेत. मग भाडोत्री निगून गेला की रान पडीक."

त्या हसल्या, आणि तुमचं ते वाक्य त्यांनी कागदावर लिहून घेतलं. मी बघितलं.

मी विचारलं, "म्हणजे गोळीमुळं उदासी वाढली?" त्या म्हणाल्या, "यांची उदासी आधीची दिसते. काहींचं उलटं असतं, आधी गोळी आणि मग उदासी. पण एकदा दोन्हींची गाठ बसली की ती एकमेकींना ओढतात. एकीवरच उपचार करून भागत नाही." मग त्यांनी दोन औषधं दिली. एक उदासीसाठी, रोज सकाळी. दुसरं जिभेखाली ठेवायचं, जुन्या गोळीची तलफ शांत ठेवणारं, हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा या, म्हणाल्या, बोलायला.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीशी होतात. येरमाळ्याच्या अलीकडं डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या, संथ, झोपेत हात हलवावेत तशा. तुम्ही त्यांच्याकडे बघत म्हणालात, "तुरीच्या डब्यातल्या तूच टाकल्यास ना."

मी तिकिटाची घडी घालत राहिले.

"तुजा जीव व्हता म्हणून टाकल्यास. पर संगे, माज्यात जीव ऱ्हायला न्हवता."

मी पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडे बघत राहिले. नंतर तुम्ही तो विषय कधी काढला नाही. चार वर्षं माझ्याकडे वेळ होता आणि मी "चुकलं माझं" हे दोन शब्द रोज दुसऱ्या दिवसावर ढकलले. आक्का, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता, न सांगता, एका झटक्यात तुमच्या पायाखालची फळी मी काढली. विचारून, दवाखान्यात नेऊन, हात धरून हळूहळू करायचं काम होतं ते.

औषध लागू पडायला दोनतीन महिने गेले. त्यातही मी गप्प बसले नाहीच. जिभेखालची गोळी बघून म्हणाले, "एक गोळी सोडायला दुसरी गोळी. ही कधी सोडणार?" तुम्ही शेळीच्या पिलाला बाटलीनं दूध पाजत होतात. "तुजा चष्मा तू कवा सोडणार?"

"चष्म्यानं मला दिसतं."

"मलाबी."



आणि मग ते दिवस आले, जे मला आता स्वप्नासारखे वाटतात. तुम्ही शेडवर परत गेला नाहीत. चार शेळ्या होत्या, त्यांच्या अकरा झाल्या. रविवारी दुपारी मी पेपर तपासायला घेऊन तुमच्यामागं माळावर यायचे. तुम्ही लिंबाखाली बसायच्या, शेळ्या कुसळात तोंड घालून फिरायच्या, वारा सगळ्यांच्या अंगावरून सारखाच जायचा. मधेच तुम्ही म्हणायच्या, "आज बरं हाय." कधी म्हणायच्या, "आज जरा जड हाय, पर उचलंल." आकाशात घार एका जागी थांबलेली असायची. मला डुलकी लागायची आणि जाग आली की तपासलेल्या पेपरांवर तुम्ही दगड ठेवलेला असायचा.

एकदा तुमचा भाऊ वारला तेव्हा घसरलात. आठवडाभर जुन्या गोळ्या घेतल्या, कुठून आणल्या माहीत नाही. पण नवव्या दिवशी स्वतःच उठून गाडीत बसलात, डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलंत, आणि आल्यावर मलाही. "तुला सांगायला त्यांच्यापेक्षा जास्त भ्या वाटलं," म्हणालात. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आपला तो वाद मात्र मिटला नाही. आधी काय, उदासी का गोळी? माळावर, चुलीपुढं, गाडीत, कितीदा वाद घातला आपण. तुम्ही म्हणायच्या उदासी. मी हट्टानं म्हणायचे गोळी. भाजलं नसतं, गोळी आली नसती, तर काहीच झालं नसतं. डॉक्टरीणबाईंनी सांगूनही मी ऐकलं नाही. आज सांगते, का. गोळी आधी असली तर दोष आगीचा. उदासी आधी असली तर तेरा वर्षं एक माणूस माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसत होतं आणि मी दूध बघायला जात होते. म्हणून मला गोळी हवी होती. तुम्हाला ते कळत असणार. तुम्ही हसून म्हणायच्या, "बरं बाई, गोळी तर गोळी," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उदासी म्हणायच्या.

उदासीच होती, आक्का. तुम्ही जिंकलात.

त्या दिवशी तुम्ही जेवून लिंबाखाली आडव्या झालात. भाऊजी पाणी शेंदून आले, हाक मारली, तुम्ही नेहमीसारखा वेळ लावताय असं त्यांना वाटलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधीपासून कमजोर असावं, झोपेतच बंद पडलं. औषधाच्या पाकिटात जेवढ्या गोळ्या असायला हव्यात तेवढ्याच होत्या. मी स्वतः बघितलं, आणि बघितल्याची मला लाजही वाटली.

तरी दहाव्याला ओट्यावर बसलेल्या बायकांत कुणीतरी म्हणालंच, "गोळ्यांनीच खाल्लं शेवटी." दुसरी म्हणाली, "एवढं काय दुःख व्हतं तिला? खाऊनपिऊन सुखी व्हती." मी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. मी त्यांचेच पेले भरले. भाऊजींनी ऐकलं. ते नुसतेच उठून शेळ्यांकडे गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसले.

आज दुपारी वैजंता आली. आपल्या गल्लीतली, शिलाईकाम करणारी. दारातच उभी राहिली, आत येईना. मुठीत काहीतरी दाबून धरलेलं. मी म्हटलं, बस. बसली नाही. मूठ उघडली, गोळ्यांचं अर्धं रिकामं पाकीट. कंबर दुखायची म्हणून चालू केली होती, म्हणाली, दोन वर्षांपूर्वी.

"बाई, आक्का धाराशिवला कुठं जायच्या?"

मी पत्ता सांगायला तोंड उघडलं, तर तिनंच मधे विचारलं, "खरं सांगा. त्यांना बरं वाटलं व्हतं का? का लोकं म्हणतेत तसं?"

"बरं वाटलं होतं," मी म्हणाले. "चार वर्षं. मी रोज बघत होते. गोळ्यांनी गेल्या नाहीत त्या, हृदयानं गेल्या. धाराशिवच्या गोळीनं तर त्यांना जगवलं." माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार, इतका मोठा होता. समोरच्या ओट्यावरची बाई वळून बघायला लागली. बघू दे.

"उद्या मी रजा टाकते," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं आपण दोघी जाऊ. तोवर एकदम बंद करू नकोस, आणि वाढवूही नकोस."

तिनं मान हलवली आणि जायला वळली. तेव्हा मी तिला हाताला धरून थांबवलं.

"वैजंता, गोळी चालू व्हायच्या आधी तुला कसं वाटायचं गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी भलत्याच भाषेत बोलले. मग हळूच उंबऱ्यावर टेकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. आणि बोलायला लागली.

आक्का, ऊन पार कलेपर्यंत ती बोलत होती. मी उठले नाही.